लॅपटॉपवरच राहिलेली सूचना

मी एक जुना प्लगइन आहे. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. वेबसाइटला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमला प्लगइन म्हणतात. माझे काम भाषांतराची ने-आण करण्याचे. एका भाषेत सूचना लागली की मी ती भाषांतरकाराकडे पोचवतो, आणि त्याने दिलेले भाषांतर आणून दुसऱ्या भाषेच्या पानावर लावतो. शब्द दुसऱ्याचे, मी आपला हमाल.

दूरच्या कुठल्याशा कंपनीत चार-सहा माणसांनी डोळे फोडून मला लिहिले. माझ्या पुष्कळ प्रती निघाल्या आणि त्यांतल्या दोन एका शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या वाट्याला आल्या. एक बसली खऱ्या वेबसाइटवर. ती सगळे शहर बघते. दुसरी म्हणजे मी. मी ताईच्या लॅपटॉपवर राहतो.

ताई म्हणजे ही वेबसाइट सांभाळणारी. तिचे टेबल खिडकीपाशी आहे. शेजारच्या बेसिनचा नळ गळतो. पाणीपुरवठ्याच्याच कार्यालयात नळ गळावा आणि त्याखालची बादली रोज ताईने ओतावी, असा तिथला कारभार! तिने वेबसाइटची हुबेहूब प्रत लॅपटॉपवर करून ठेवली होती. कुठलाही बदल आधी इथे करून बघायचा, काही मोडलेच तर इथेच मोडू द्यायचे, आणि मग खऱ्या वेबसाइटवर न्यायचे, अशी तिची रीत. रीत चांगलीच होती. पण प्रतीचे जिणे कसले? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. माझ्या पानांवर बाहेरचे माणूस कधी फिरकले नाही.

शहराच्या खालच्या अंगाला, गोदामांच्या मागे, नदीपलीकडून कामाला आलेल्या लोकांची वस्ती होती. त्यांची भाषा वेगळी. त्या भाषेत सूचना लिहून देत ते मास्तर. वस्तीतल्या निम्म्या लोकांना त्यांनीच लिहायला-वाचायला शिकवले होते. निवृत्तीनंतर ते दूरच्या गावी मुलाकडे राहत. वस्तीत त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. "ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, पान उघडून वाचा," असे ते सगळ्यांना सांगत. एकदा फोनवर त्यांनी ताईचे कौतुक केले, तेव्हा ती म्हणाली, "मी काय करते हो, सगळं त्या प्लगइनचं काम." जन्मात मिळालेली तेवढीच शाबासकी. मला फार बरे वाटले.

एके दिवशी ताईने वेबसाइटची ताजी प्रत लॅपटॉपवर उतरवली. असे झाले की मी अडून बसतो. पिवळी पट्टी दाखवून विचारतो, पत्ता बदललेला दिसतो. वेबसाइट इथे हलवली आहे, की ही नुसती प्रत आहे? 'प्रत' म्हटले तर मी केवळ दाखवण्यापुरता उरतो, भाषांतराची ने-आण करत नाही. 'हलवली' म्हटले की सगळा व्यवहार या पत्त्यावर येतो आणि जुन्या पत्त्याशी नाते तुटते.

ताईने आधी खरे तेच सांगितले. पण तिच्या साहेबांना जेवणाच्या सुट्टीनंतर भाषांतराचे नवे पान चालताना बघायचे होते, आणि माझ्याकडे भाषांतर येईना. साहेब दारात उभे राहिले.

"ताई, झालं का? मला वर दाखवायचंय."

"झालंच साहेब, दोन मिनिटं."

तिने पट्टी पुन्हा उघडली आणि 'हलवली'वर टिचकी मारली. मी तत्काळ कामाला लागलो. "चालला एकदाचा!" म्हणून ती हसली. मागाहून बदलायचे तिच्या मनात असणार, पण कामाच्या रगाड्यात राहून गेले. तिकडे खऱ्या वेबसाइटवरचा माझा जुळा भाऊ मुका झाला. त्याच्या पानावर जुने भाषांतर तसेच दिसत राहिले, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही.

मग पाणी बिघडले. वस्तीकडे जाणाऱ्या नळात गटाराचे पाणी शिरले. उकळल्याशिवाय पाणी पिऊ नका, लहान मुलांना तर मुळीच देऊ नका, अशी सूचना निघाली. ताईने ती दोन्हीकडे लावली. भाऊ ती कुणाकडे पाठवणार? मी पाठवली. मास्तरांनी सगळी कामे टाकून भाषांतर केले असावे, कारण ते फारच लवकर आले. आले ते माझ्याकडे. मी ते माझ्या पानावर ठळक अक्षरांत लावले.

थोड्या वेळाने मास्तरांचा फोन आला. "ताई, दिसतंय का हो तिकडे? माझ्याकडे जुनंच दिसतंय."

ताईने समोर पाहिले. समोर मी होतो.

"दिसतंय की मास्तर! अगदी नीट दिसतंय. तुमच्या फोनमध्ये जुनं पान साठून राहिलं असेल."

"बरं बरं. मग काळजी नाही."

मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर! पण प्रश्न विचारण्यापलीकडे मला बोलता येत नाही, आणि तो केव्हाच विचारून झाला होता.

वस्तीत शिवणकाम करणारी एक बाई होती, मास्तरांची विद्यार्थिनी. पाण्याला वास येतोय, असे शेजारीण म्हणाली. बाईने पान उघडले. तिथे टाकी धुतल्यानंतरची जुनी सूचना होती: पाणी पिण्यास योग्य आहे. "मास्तरांनी लिहिलंय," ती शेजारणीला म्हणाली, आणि तिने आपल्या लहानग्या मुलीला पाणी पाजले. मुलीला दवाखान्यात नेले. ती परत आली नाही.

चूक उघडकीला आली, जोडणी दुरुस्त झाली, पण ते वरातीमागून घोडे. साहेबांनी 'तांत्रिक अडचण' एवढेच कळवले. वस्तीने दोष मास्तरांना दिला. त्यांचे फोन कुणी उचलेना.

एका सकाळी मास्तर गावाहून वस्तीत आले आणि तिथून त्या बाईला घेऊन कार्यालयात आले. ताईने मान खाली घालून लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. बाईने माझ्या पानावरचा एक एक शब्द बोट ठेवून वाचला, मास्तरांनी शिकवले होते तसा.

"हे कधी लिहिलंत, मास्तर?"

"त्याच दिवशी, पोरी."

"बरोबर लिहिलंय. मग आम्हाला का नाही दाखवलं?"

मास्तर ताईकडे बघू लागले. ताई रडत होती.

मित्रांनो, तुम्हीही मोठेपणी माझ्यासारख्यांना कामाला लावाल. आम्ही काही विचारले तर घाईत खोटे सांगू नका. आणि लोकांसाठी लिहिलेले लोकांना दिसते का, हे आपल्या टेबलावर बसून ठरवू नका. उठा, आणि त्यांच्यापाशी जाऊन बघा.