रविवारपर्यंत थांबलेलं स्क्रॅपल

रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मधुकर टिपणिसांनी स्क्रॅपलचा पहिला तुकडा तोंडात घातला. टेबलाशी चौघे होते.

२०१६ चा एप्रिल, ख्राइस्टचर्च. टिपणीस आणि पत्नी सुचित्रा तीन आठवड्यांसाठी पुण्याहून लेकीकडे आले होते. लेक सिद्धी हॉस्पिटलात फार्मसिस्ट. तिला केलबशी लग्न करायचं होतं. केलब पेनसिल्व्हेनियाचा, भूकंपानंतरच्या बांधकामांवर इंजिनिअर. बाबांनी हो म्हटल्याशिवाय तारीख ठरवणार नाही, असं तिने सांगून टाकलं होतं. परतीचं विमान मंगळवारी होतं आणि अजून ना हो होतं, ना नाही.

पहिल्याच जेवणाला टिपणीस केलबला रुबाबात म्हणाले होते, "आम्ही सीकेपी. पानात पडेल ते खातो." म्हणजे मासे, मटण, खिमा. डुकराचं मांस त्यांनी एकसष्ट वर्षांत चाखलं नव्हतं. केलबने मात्र वाक्य जसंच्या तसं घेतलं.

शुक्रवारी त्याने खाटकाकडून डुकराचं डोकं, कलेजी आणि उरलेसुरले तुकडे आणले. रात्रभर शिजवून, हाडं काढून, बारीक करून पहाटे त्यात मक्याचं पीठ घोटलं. त्याच्या गावची ही न्याहारी, स्क्रॅपल. तिथेही तिच्याबद्दल एकमत नाही. त्याची सख्खी बहीण ती ताटात दिसली की उठून जाते, हे त्यानेच सांगितलं.

शनिवारी सकाळी तो कोमट डबा घेऊन हजर झाला.

"आज शनिवार," टिपणीस म्हणाले. "मी खात नाही."

"बाबा, काल नाही का सांगायचं?"

"काल मला काय स्वप्न पडलं होतं, हा डुक्कर घेऊन येणार म्हणून?"

केलबचा चेहरा उतरला. सुचित्राबाई मांसाला हात लावत नाहीत. त्यांनी चमच्याने डब्यातला गोळा दाबून पाहिला.

"बरंच झालं. आत्ता कापलंस तर चुरा होईल. कोथिंबिरीच्या वडीचं असंच असतं. रात्रभर फ्रिजमध्ये राहू दे."

सिद्धीने भाषांतर केलं. आजीही हेच सांगायची, केलब म्हणाला, घाईत विसरलो.

रविवारी वड्या सुरीने स्वच्छ कापल्या गेल्या. तव्यावर त्याने उलथनं लवकर घातलं, तेव्हा सुचित्राबाई ओरडल्या, "थांब! खालून सुटू दे!" या वेळी भाषांतर लागलं नाही.

टिपणीस सावकाश चावत होते.

"मिरी जास्त आहे."

"हीप्स," सिद्धी तिथल्या बोलीत म्हणाली, म्हणजे खूपच. "पण आवडलं का?"

"आवडलं असं मी म्हटलेलं नाही." त्यांनी दुसरी वडी घेतली. "बाहेरून बरी कुरकुरीत आहे. पुढच्या वेळी लसूण घालून बघ म्हणावं."

"पुढच्या वेळी म्हणजे कधी, बाबा?"

त्यांनी पाणी मागितलं.

मंगळवारी विमानतळावर सामान दिल्यावर त्यांनी केलबकडून त्याच्या आईचा फोन नंबर मागितला आणि डायरीत लिहून घेतला. कशासाठी, ते सांगितलं नाही.

त्याला आठ दिवस झाले. पेनसिल्व्हेनियात अजून फोन गेलेला नाही. काल रात्री सुचित्राबाईंचा सिद्धीला मेसेज आला: "बाबा विचारतायत, केलबच्या आईकडे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे किती?"