हातावरचा नंबर

खुशीची वेणी घालून झाली तशी रागिणीनं तिचा डावा हात मांडीवर ओढला आणि मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेननं आपला मोबाईल नंबर लिहिला. गर्दीत लेकरू हरवलं तर, म्हणून कुठंही निघताना ती हे करायचीच. बाजारात, लग्नात, दवाखान्यातसुद्धा. आज मात्र आकडे चांगले ठसठशीत काढले.

"येवढा मोठा? वरून इमानातून वाचाचा हाय का कोणाले?" सुगत म्हणाला. ती हसली नाही, मग तोही हसायचा थांबला.

कारण त्याला ठाऊक होतं. अमरावतीत सायन्सकोर मैदानावर राज्यभरातल्या बचत गटांची जत्रा भरली होती, आणि अकोल्याकडच्या, गोवऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांच्या स्टॉलवर गोदाबाई बसते, असं रागिणीला मैत्रिणीकडून कळलं होतं. गोदाबाई म्हणजे रागिणीची आई. जातीबाहेर, बौद्ध घरातल्या सुगतशी लग्न करणार हे कळलं त्या दिवशी कुलदीपनं, भावानं, तिचं सिमकार्ड मोडलं होतं. नंतर तिनं किती फोन केले. आईचा फोन तोच उचलायचा आणि कापायचा. आईजवळ आपला नवा नंबर नाही, असता तर कधीतरी चोरून का होईना तिनं फोन केला असता, या समजुतीवर रागिणीनं बाळंतपणसुद्धा काढलं होतं.

मैदानात शिरताच सुगत "मी ट्रॅक्टर पाहून येतो" म्हणून बाजूला झाला. त्याला ट्रॅक्टरशी काही घेणं नव्हतं. खुशीनं चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी चाखून तोंड वाकडं केलं, रंगवलेल्या शिंगांच्या बैलजोडीला लांबूनच टाटा केला, ज्वारीच्या लाह्यांनी फ्रॉकचा खिसा भरला. रागिणीचा एक डोळा तिच्यावर, एक पाट्यांवर. शेवटी पाटी दिसायच्या आधी गोवऱ्यांचा धूर आला आणि ती तिकडं वळली.

आई वाळली होती. केस पार पांढरे. पेटत्या गोवऱ्यांच्या गोल आरापुढं बसून निखाऱ्यांतले रोडगे चिमट्यानं उलटत होती. रागिणीनं मागंपुढं दोनदा पाहिलं. कुलदीप कुठंच नव्हता.

गोदाबाईनं मान वर केली. चिमटा हवेतच राहिला.

"ओ गोदामाय!" शेजारी वांग्याची भाजी ढवळणारी सुभद्रा ओरडली. "गिऱ्हाईक उभं हाय न पायत काय राहिली? रोडगा जयून राहिला ना!"

"बसा बाई," गोदाबाई म्हणाली. "दोन पानं?"

 रागिणीनं मान डोलावली.

"आजी, ही राख खायची असते?" खुशीनं विचारलं. तिला कुठलीही म्हातारी आजीच.

"राख नाई खात वं. हे अशी झटकाची." गोदाबाईनं रोडगा फडक्यात धरून आपटला, कुस्करला, तुपाची धार सोडली. मग आराच्या अगदी कडेला चिमटा घालून तिनं एक पिटुकला रोडगा बाहेर काढला आणि खुशीच्या पानात फोडला. आतून गूळ ओघळला.

लहानपणी रागिणीसाठी असाच एक वेगळा पुरलेला असायचा.

"अवं माय, हा कसा दिला?" सुभद्रा म्हणाली. "रोज एक करते न संध्याकाई सोताच खाते. मागतलं तरी देत नाई कोणाले!"

 गूळ खुशीच्या कोपरापर्यंत उतरला तसा गोदाबाईनं तो हात आपल्या हातात घेतला, आणि तिला आकडे दिसले. बचत गटात ती सही शिकली होती, आकडे शिकली होती. एकेका आकड्यावर तिचे ओठ हलले, शेवटपर्यंत. 

गोदाबाईनं पदर पाण्यात बुडवून हात पुसला. गूळ गेला, शाई जाईना. तेव्हा तिनं वाटीतलं तूप बोटांवर घेतलं आणि बाळाला तेल लावावं तसं हळूहळू चोळलं. आकडे फिसकटले, निळा डाग झाले, पदरात गेले.

"लेकराच्या आंगावर असं लिवत नाई, बाई."

"हरवली तर?" रागिणी कशीबशी म्हणाली. "कोणाले फोन कराचा असन तर?"

"मायनं हात धरून ठेवला तं कायले हरवते?"

 बोलून गेल्यावर गोदाबाईनं खुशीचा हात सोडला आणि ती आराकडं वळली. "या बापा, पुढं कोण हाय?"

ट्रॅक्टरांपाशी सुगतनं विचारलं, "भेटल्या?"

"आजीनं मले गुळाचा दिला!" खुशी म्हणाली.

रागिणीनं पर्समधून पेन काढलं, खुशीचा हात गुडघ्यावर घेतला. गर्दी वाढली होती. तिनं पहिला आकडा काढला, पुन्हा गिरवला, जोर लावला. तुपकट कातडीवर शाई धरेना.

"आई, दुखते," खुशी म्हणाली.