संध्याकाळची गोळी

घड्याळजींना किडनी दिली ती त्यांच्या थोरल्या बहिणीने. ऑपरेशनला दीड वर्ष झालं होतं. भूक नीट, झोप नीट, तक्रार एकच. नवी किडनी टिकावी म्हणून घ्यायच्या गोळ्यांमुळे हात थरथरायचे. चिमट्यातला तिळाएवढा स्क्रू उडाला की अर्धा तास जमिनीवर रांगत शोधायचा. एका गिऱ्हाइकाने तर विचारलंच, की हलतोय तो काटा की तुमचा हात? हळूहळू मनगटी घड्याळं दुसऱ्या दुकानात जाऊ लागली.

मग त्यांनी कुणाला न सांगता संध्याकाळची गोळी बंद केली. दहा-बारा दिवसांत हात ताळ्यावर आला. मन मात्र थाऱ्यावर येईना. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की बसावंसं. मोजे काढून पावलं सुजली का बघत. ओटीपोटात उजवीकडे, जिथे ती किडनी बसवली होती, तिथे दिवसातून दहादा चाचपत. ताई फोनवर गोळ्यांचं विचारी, तेव्हा नुसता हुंकार देत.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन चढलं होतं. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशींना औषधाने दाबून ठेवलं होतं, त्या पुन्हा जोर धरून वाढल्या होत्या.

"या पेशींना ताईंची किडनी परकी वाटते," बाई म्हणाल्या. "त्यांनी तिच्यावर हल्ला सुरू केलाय. गोळी चुकली का?"

"चुकली नाही. मी सोडली."

त्याच दिवशी दाखल करून घेतलं. तीन दिवस सलाइनमधून औषध. ताई आली तेव्हा त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. ती बराच वेळ चादरीची सुरकुती सारखी करत राहिली.

"हात थरथरतोय हे मला सांगता आलं नाही तुला?" ती म्हणाली. "दिलेलं मी परत मागत नाही. पण असं टाकूनही देऊ नकोस."

मग दिवसभर तिने खाटेजवळची खुर्ची सोडली नाही.

क्रिएटिनिन उतरलं, पण पहिल्या जागी नाही आलं. बाईंनी त्याच औषधाची, दिवसातून एकदाच घ्यायची, हळू विरघळणारी गोळी दिली. थरथर कमी झाली, गेली नाही. मनगटी घड्याळांचा नाद त्यांनी सोडला. आता भिंतीवरची मोठी घड्याळं तेवढी घेतात. तपासणीसाठी रक्त द्यायचा दिवस जवळ आला की अजून जीव खालीवर होतो. तेव्हा ते स्वतःच ताईला फोन लावतात आणि भीती वाटतेय म्हणून सांगतात.