माझ्या अंगावर लागलेली समाधी

मी एक जुनी जांभळी मॅट आहे. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी, ही अष्टांगयोगाची आठही अंगं माझ्यावर पार पडली आहेत. पहिली दोन तोंडी पार पडली, हे आधीच सांगते. तिसऱ्यात गुडघे आडवे आले. आठव्याच्या वेळी डॉक्टर बोलवावे लागले.

मित्रांनो, माझा जन्म भिवंडीकडच्या एका शेडमध्ये झाला. फोमचा लांबच लांब पट्टा यायचा, पातं खाली पडायचं आणि एकेक मॅट सुटी व्हायची. आमच्यात एकच गुण घातलेला होता, सरकायचं नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

मला मुलुंडला आणलं ते गंधालीने. विद्याधरकाका आणि वसुधाकाकूंची ही मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं आणि शिवून आलेला ब्लाउज बसत नव्हता. यथावकाश ब्लाउज बसला आणि मी कपाटामागे गेले. ती दहिसरला सासरी गेली, मी तिथेच राहिले. मग काकूंनी माझ्यावर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या. मला त्यात कमीपणा वाटला नाही. आपण किती वाळलो हे पापड्या शेजारणीला सांगत बसत नाहीत.

काका निवृत्त झाले आणि माझे दिवस पालटले. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये चंद्रप्रकाश सर रोज सकाळी योगवर्ग घेत. सर विमा कंपनीतून निवृत्त झालेले, आवाज खर्जातला. रविवारी ते सिद्धान्तावर बोलत. अहिंसेच्या रविवारी पंख्याखालच्या जागेवरून दोघांची जुंपली. अपरिग्रहाच्या रविवारी ज्याने त्याने आपली नवी पाण्याची बाटली दाखवली. काका मात्र सगळं मनापासून ऐकत. पद्मासनात शेजारचे राजेश, बी विंगवाले, कमळासारखे उमलून बसत. काकांचा एक पाय वर चढे आणि दुसरा विचारात पडे.

"मॅट झकास आहे हो तुमची," राजेश म्हणाले. "माणूस हलतो, पण मॅट हलत नाही."

इतकं कौतुक माझं आयुष्यात तेवढंच झालं.

मग तपाचा रविवार आला. सर म्हणाले, "पोट रिकामं, तर चित्त हलकं. आणि शवासनात कुणी खोल गेला, तर त्याला हात लावायचा नाही. परतीची वाट ज्याची त्याने शोधायची." वर्गात हा दंडकच झाला.

काकांना मधुमेह. गोळी गिळेपर्यंत काकू समोरून हलत नसत, आणि गोळीनंतर लगेच खायचं असा त्यांचा नियम होता. दुसऱ्याच दिवशी काका म्हणाले, "उपमा डब्यात दे. वर्गाआधी तिथेच खातो." गोळी पोटात गेली. डबा मात्र फाटकाशी कुंडलिक वॉचमनच्या हातात गेला. मी काकांच्या काखेतच होते. सत्याचा रविवार होऊन गेला होता.

पुढचे काही दिवस काकांचे हात माझ्यावर थरथरायचे. सर म्हणाले, "ऊर्जा जागी होतेय." मला ऊर्जेतलं काही कळत नाही. मला घाम कळतो, माझा जन्मच त्यात गेला. उन्हाळ्याचा घाम, सूर्यनमस्काराचा घाम, कुणी आपल्याकडे बघतंय म्हणून येणारा घाम, सगळे मी ओळखते.

त्या सकाळी शवासनात काकांच्या पाठीतून आला तो यातला कुठलाच नव्हता. तो गार होता आणि थांबत नव्हता. त्यांचं काळीज माझ्यावर दार ठोठावल्यासारखं वाजत होतं. सरांनी सगळ्यांना उठवलं. काका उठले नाहीत.

"सर, हे बघा ना," राजेश कुजबुजले.

सरांनी वाकून पाहिलं आणि हळूच ओठांवर बोट ठेवलं. "खोल गेलेत. कुणी हात लावू नका."

"आपण इतकी वर्षं तंगड्या दुमडतोय यार, आणि समाधी लागली कुणाला बघा," राजेश म्हणाले. आवाजात भक्ती होती, थोडी जळजळही होती. सी विंगच्या तेजलने उदबत्ती लावली. सगळे हात जोडून गोल बसले. एकाने काकांचा फोटो काढला, पण अदबीने, आवाज बंद करून.

मित्रांनो, माझ्या इतकं जवळ त्यांच्या कुणीच नव्हतं. मला सगळं कळत होतं आणि करता काही येत नव्हतं. मी जरा सरकले असते, तर त्यांचं डोकं फरशीला लागून कुणाला तरी शंका आली असती. पण न सरकण्याचीच माझी ख्याती. मी भिजत राहिले.

फाटकाशी काय झालं ते मला नंतर काकूंनी गंधालीला फोनवर सांगितलं त्यावरून कळलं. काकू कोथिंबीर आणायला खाली उतरल्या, तर फाटकाशी कुंडलिक त्यांच्याच डब्यातून उपमा खात होता.

"हा डबा तुझ्याकडे कसा रे?"

"साहेब रोज देतात, काकू. आज मीठ जरा कमी पडलंय."

काकूंनी मिठाबद्दल काही विचारलं नाही. त्या थेट हॉलमध्ये घुसल्या.

"वहिनी, थांबा," सर आडवे आले. "समाधी आहे. भंग करू नका."

"कसली समाधी? उताणा झोपला की हा माणूस पंख्याच्या आवाजाच्या वर घोरतो. आज घोरत का नाही, ते सांगा आधी मला." काकूंनी काकांच्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा आवाज बदलला. "यांची साखर उतरलीय. तेजल, साखर आण गं. राजेश, उदबत्ती काय बघतोस, डॉक्टरांना फोन लाव."

साखर आली. काकूंनी ती चिमटीने काकांच्या गालाच्या आत चोळली. अर्धी माझ्यावर सांडली. त्या बोटाने चोळत होत्या आणि शिव्या देत होत्या. डॉक्टर सुई घेऊन आले. बऱ्याच वेळाने काकांनी डोळे उघडले.

"कसं वाटलं तिथे?" सरांनी विचारलं.

"उपमा आहे का?" काका म्हणाले.

हे सगळ्यांनी ऐकलं, पण सांगताना गाळलं. सर आता नव्या लोकांना सांगतात, "पोचलेच होते. घरच्यांनी ओढून परत आणलं." काकू काकांना त्या हॉलची पायरीही चढू देत नाहीत. मला मात्र वर्गाने मागून घेतलं. हॉलच्या भिंतीवर टांगून मला हार घालतात. माझ्यावर आता कुणी झोपत नाही, म्हणजे मला आता कुणाचा घामही कळत नाही.

माझी एकच विनवणी आहे, मित्रांनो. कुणी फार वेळ निश्चल पडलेलं दिसलं, तर नमस्कार करायच्या आधी त्याला हलवा. नाव घेऊन हाक मारा. खरी समाधी असेल, तर ती एवढ्याने रुसणार नाही.

वर्ग हल्ली भरगच्च असतो. पुढच्या रांगेत राजेश आणि आणखी दोघे बसतात. तिघेही मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी येतात.