भावोजींच्या कानातला कापूस

माझा धंदा किल्ल्या बनवण्याचा आणि छंद लोकांच्या खोड्या काढण्याचा. पण माझी चार वर्षांची भाची, भिंगरी, माझ्या खोडीला भीकच घालेना. तिच्या पाठीमागे बसून चॉकलेटचा कागद कुरकुरवला, की जिन्यातली पोरंसुद्धा धावत यायची. ही आपली ठोकळे रचतेय.

"ताई, हिचे कान तपासून घे," मी म्हणालो.

"कान ठणठणीत आहेत," म्हणत भावोजींनी ताट जमिनीवर आपटलं. भिंगरी दचकून वळली. "बघितलंस? ऐकायचंच नसतं तिला. हट्टी आहे कारटी. शाळेत रोज कोपऱ्यात उभी करतात. आता बाई म्हणतात, नाव काढून टाकू."

भिंगरी आमच्या तोंडांकडे टकामका बघत राहिली. मला काही ते बघवेना.

रविवारी जेवून भावोजी सोफ्यावर आडवे झाले. ते झोपले की उशाशी ढोल बडवला तरी हलत नाहीत. मी तेलात भिजवलेला कापूस अलगद त्यांच्या दोन्ही कानांत सारला. कुलपं गपचूप उघडण्यात हयात गेली, कान म्हणजे काय मोठं?

ते उठले, पेपर उघडून बसले. ताई आधीच माझ्या कटात. हळूच म्हणाली, "चहा घेणार?"

भावोजी पेपरातच.

"अहो, चहा?"

भावोजींनी पान उलटलं.

मी ताट आपटलं. भावोजी टुणकन उडाले.

"बघा, ऐकू येतं की," ताई आता मोठ्यानं म्हणाली. "हट्टी आहेत. जा, कोपऱ्यात उभे राहा."

भावोजींचा हात कानाकडे गेला. कापूस बाहेर आला. "मेहुण्या, तुझ्या तर..." शिवी अर्धीच राहिली. ते कापसाकडे बघत होते, मग भिंगरीकडे.

सोमवारी भिंगरीचे कान तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सारखी सर्दी होते ना? पडद्यामागे पाणी साचलंय. मोठा आवाज कळतो, हळू बोललेलं नाही. लहान मुलांत हे खूप दिसतं. घरी त्यालाच हट्ट म्हणतात."

औषधपाणी झालं, वाट बघून झाली. पाणी हटेना, तेव्हा पडद्यात बारीकशी नळी बसवली.

परवा मी मांजराच्या पावलानं तिच्या मागे जाऊन बसलो. कागदाला नुसतं नख लावलं. मागे न बघताच तिनं तळहात पसरला.

"मामा, मला दे. बाबांना नको."

उभ्या आयुष्यात इतक्या आनंदानं हरलो नव्हतो.

आज भिंगरीला शाळेत सोडायला भावोजी स्वतः गेलेत. खिशात कापूस घेऊन. बाईंना म्हणे जरा समजावून सांगायचंय.