रिकाम्या हातांचं जाळं

‘तळ्याची सून’ या नाटकातून नानाजींना काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. पोस्टरवर सगळ्यात वर नाव, नटांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरात. नावाशेजारी फोटो, दहा वर्षांपूर्वीचा, म्हणजे डोक्यावर केस असतानाचा. मंडईच्या रात्री मंचावर नारळ फोडायचा मान, अर्धा तास माईक आणि पुढच्या सोफ्यावरची मधली जागा. चार हजार माणूस बसणार, सोयरेधायरे येणार, वर जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर. एवढं सगळं एका देणगीत. असा सौदा सोडणारा माणूस सतरा वर्षं मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष राहत नाही.

नाटक मात्र त्यांनी वाचलं नव्हतं. त्यात त्यांची चूक नाही. आमच्या झाडीपट्टीत उद्घाटक नाटक वाचत नसतो; तो नारळ फोडतो, ‘असं नाटक आजवर झालं नाही’ म्हणतो आणि दुसऱ्या अंकात सोफ्यावर झोपतो.

आमचं भिवटोली नागभीडपासून अर्ध्या तासावर. भोवती धानाच्या बांध्या, मधे जुनं मोठं तळं आणि तळ्याच्या पाळीवर देवीचं ठाणं. दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक लागतंच. बाकीची गावं वडशाच्या नाटक कंपनीला सुपारी देऊन मोकळी होतात. भिवटोली हट्टानं स्वतःचं नाटक बसवते. फक्त बाईच्या कामाला कंपनीची नटी बोलावते, कारण गावची पोरगी मंचावर गेलेली गावाला खपत नाही, दुसऱ्या गावची गेली तर शिट्ट्या मारता येतात. यंदाची नटी रोशनी. ती आमच्याच गावची. पण तीन वर्षं वडशाच्या कंपनीत काम करते, म्हणून तिला हिशेबात बाहेरची धरली.

नाटक लिहिलं होतं सत्यशीलानं. ती अंगणवाडी चालवते, बौद्ध मोहल्ल्यात राहते आणि गावातल्या प्रत्येक पोराचं वजन तिला पाठ आहे, त्यामुळे कोणाच्या घरी काय शिजतं हेही. तिच्या नाटकाची गोष्ट साधी होती. एक मासेमार मरतो. त्याची बायको कौसल्या तळ्यातला त्याचा हिस्सा मागते. संस्था म्हणते, हिस्सा माणसाचा नसतो, जाळ्याचा असतो. बाई जाळं फेकत नाही, तर हिस्सा कशाचा? तिसऱ्या अंकात कौसल्या जाळं खांद्यावर टाकून तळ्यात उतरते आणि फेकते.

कौसल्या कोण, हे विचारायची गावाला गरज नव्हती. देवकाबाईचा नवरा डोमा सहा वर्षांपूर्वी तापानं गेला. त्याचा हिस्सा तेव्हापासून ‘अध्यक्षांच्या देखरेखीखाली’ आहे. देखरेख इतकी चोख की त्यातला एक मासाही देवकाबाईपर्यंत पोचला नाही. तिनं तीनदा अर्ज दिला. तिन्ही वेळा उत्तर एकच: हिस्सा जाळ्याचा, आणि बाईनं जाळं फेकलं तर देवी कोपते, तळं आटतं. देवकाबाई मग इतर बायांसारखी काठाकाठानं टोपलीत झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, धरायची आणि नागभीडच्या बाजारात विकायची. कधीकधी झिंग्यांखालून दोन-चार मोठे रोहू निघत. टोपलीत रोहू कसे सापडतात, हे गिऱ्हाइकानं विचारलं नाही आणि गावानंही मोजलं नाही. मोजमापात आम्ही तसे पक्के आहोत, पण सोयीनं.

तालमीच्या चौथ्या दिवशी नानाजींचा पुतण्या विक्की चहा घेऊन गेला आणि तिसरा अंक ऐकून परत आला. त्या दिवशी नानाजी जेवले नाहीत म्हणतात.

त्यांची अडचण समजून घ्या. नाटक बंद पाडणं सोपं होतं. पण नागभीडपासून ब्रह्मपुरीपर्यंत खांबाखांबावर त्यांचा केसांसकट फोटो चिकटला होता. नाटक रद्द झालं असतं तर हसं पहिलं त्या फोटोचंच झालं असतं. म्हणजे नाटक तर व्हायला हवं, पण त्याचे दात पाडून.

दात पाडायला ते झाडूकाकांकडे गेले. झाडूकाका मासेमारांच्या पंचांतले सगळ्यात वयस्क. एकेकाळी या तळ्यावर त्यांच्यासारखं जाळं कोणी फेकत नव्हतं. डोमा त्यांचा पुतण्या आणि त्यांचाच चेला. नानाजींचा राग हिश्श्यासाठी होता, झाडूकाकांचा खरोखर देवीसाठी होता. खरा राग उसना मिळाला की खोट्याला धार येते, हे नानाजींना कळत होतं.

दोन दिवसांत गाव पेटलं. मोबाइलवर निरोप फिरले की नाटकात देवीचा अपमान आहे. चार पोरांनी पडदा फाडायची भाषा केली. पोलीस पाटील कागद मागायला आले. सत्यशीलानं नाटकाच्या मंजुरीचं शिक्क्यानिशी आलेलं प्रमाणपत्र पुढे केलं. सरकारनं नाटक पास केलं आहे, हे झाडूकाकांना सांगितलं, तर ते म्हणाले, सरकार कवा पोहाले आलं होतं आमच्या तळ्यात?

संस्थेच्या ओट्यावर बैठक बसली. कोणीतरी मागून सत्यशीलाला टोमणा मारला की तुमच्या मोहल्ल्याचं आमच्या जाळ्याशी काय काम.

“जाळ्याशी नाई, भाऊ,” ती म्हणाली. “पण तळ्यात पाणी साऱ्या गावाचं उतरते. तुमच्या मोहल्ल्याचं वेगळं काढून दाखवान, त मी नाटक फाडतो.”

हसले बरेच जण, पण निर्णय व्हायचा तोच झाला. मंचावर जाळं आणायचं नाही. जाळ्याला बाईचा हात लागायचा नाही. तिसऱ्या अंकात कौसल्यानं एक शब्द बोलायचा नाही. नानाजींनी हे कागदावर लिहून घेतलं आणि सत्यशीलाची सही घेतली. अध्यक्षांना सह्या फार आवडतात; दुसऱ्यांच्या.

सत्यशीला तडक देवकाबाईच्या दारात गेली. रोशनी तिथंच बसली होती. सत्यशीला म्हणाली, मी नाटक मागं घेतो. जाळ्याबिगर तिसरा अंक म्हणजे मिठाबिगर भाजी. देवकाबाई झिंगे निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“जाळं राहू दे घरी,” ती म्हणाली. “हात घेऊन जाय.”

दोघींना उमगायला थोडा वेळ लागला. सहा वर्षं पहाटे, पलीकडच्या बेशरमाच्या झुडपांआडून डोमाचं जाळं कोण फेकत होतं, ते तिनं त्या दिवशी पहिल्यांदा तोंडानं सांगितलं. रोशनी घाबरली. म्हणाली, तू शिकवशील तसं मी करीन, पण झाडूकाका पुढंच बसतेत, ते हात ओळखतीन. दंड बसला, तुला जातीबाहेर काढलं, तर?

“वळखू दे,” देवकाबाई म्हणाली. “अर्ज वाचता नाई आला त्याईले. हात त येते वाचता.”

पुढचे नऊ दिवस देवकाबाईच्या मागच्या अंगणात, कुडाच्या आड, रोशनी खरं जाळं फेकायला शिकली. कोपर सोलून निघालं, कडेच्या शिशाच्या गोळ्यांनी ओठ सुजला. मग देवकाबाईनं जाळं काढून घेतलं आणि त्याच वजनानं, नुसत्या हातांनी फेकायला लावलं.

मंडईच्या रात्री नानाजींनी नारळ फोडला. अर्धा तास ठरला होता, पंचेचाळीस मिनिटं बोलले. असं नाटक आजवर झालं नाही, म्हणाले, आणि यंदा ते खरं निघणार होतं. मग सोफ्यावर बसले, पण यंदा झोपले नाहीत. शेजारी झाडूकाका, गुडघ्यावर काठी आडवी ठेवून. देवकाबाई बायांच्या भागात, पार मागं, डोक्यावर पदर.

पहिले दोन अंक नेहमीसारखे गेले. लोक रडले, हसले, सावकाराचं काम करणाऱ्याला शिव्या दिल्या. तिसऱ्या अंकाला पडदा वर गेला. मंच मोकळा. रोशनी एकटी आली. हातात काही नाही, तोंडातून शब्द नाही. कागदावर सही केल्याप्रमाणे सगळं.

ती काठाशी थांबली. मंचावर काठ नव्हता, पण थांबली तिथं तो तयार झाला. वाकून तिनं नसलेलं जाळं उचललं, झटकलं, अर्धं डाव्या कोपरावर घेतलं. त्याच्या वजनानं तिचा खांदा खाली आला. कडेची एक गोळी दातात धरली. लोकांतला खोकला थांबला. मासेमारांच्या गावाला हे दाखवायला जाळं लागत नाही. समोर बसलेल्या शंभरेक पुरुषांचे डावे खांदे आपोआप खाली गेले होते. मग तिनं डाव्या टाचेवर एक लहानशी उडी घेतली, कमरेतून वळली आणि फेकलं.

ती उडी. तळ्यावर तशी उडी फक्त दोघे घ्यायचे. एक डोमा, आणि एक ज्यानं त्याला शिकवलं तो.

झाडूकाका उठून उभे राहिले. त्यांची नजर रोशनीवर नव्हती. तिच्यापुढच्या फळ्यांवर होती, जिथं जाळं पडलं होतं तिथं.

“पुरं उघडलं,” ते म्हणाले.

आमच्यात जाळं फेकणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नाही. कुठंही घडी नाही, गुंता नाही, ताटासारखं गोल. चार हजार माणसं गप्प होती, म्हणून हे पार शेवटपर्यंत ऐकू गेलं. आणि मग एकेक मान मागं वळायला लागली, कारण डोमा जिवंत नव्हता आणि झाडूकाकांनी शिकवलं नव्हतं, मग उरलं कोण, एवढं गणित गावाला येतं. देवकाबाईनं पदर मागं सारला आणि सगळ्यांकडे सरळ पाहिलं.

नाटक चालू असताना बक्षीस जाहीर करायची आमच्याकडे रीत आहे. झाडूकाका काठी टेकत मंचावर चढले. माईकवाल्यानं त्यांचं नाव विचारायची गरज नव्हती, तरी त्यांनी माईकच हातात घेतला.

“एकवीस रुपये,” ते म्हणाले. “नटीले नाई. जिनं शिकवलं तिले.” मग काठी तळ्याच्या दिशेनं केली. “सहा सालं बाईच्या हातचं जाळं पडते तळ्यात, अन् पाणी तेवढंच हाय. देवीले चालते, असं दिसते. मले आधी पुसाले पाह्यजे होतं तिले.”

नानाजी सोफ्यावर मधोमध बसले होते. हात टाळीच्या तयारीत होते, पण एकमेकांपर्यंत पोचत नव्हते.

आठ दिवसांनी संस्थेची सभा झाली. नानाजींनी कागद काढला आणि देवकाबाईनं रीत मोडल्याबद्दल दंडाचा मुद्दा मांडला. झाडूकाका म्हणाले, रीत मोडली हे खरं, दंड बसलाच पाहिजे: देवीला नारळ आणि पंचांना पाच किलो मासे. मग शांतपणे म्हणाले की हिस्सा जाळ्याचा, हीही आपलीच रीत. डोमाचं जाळं चालू आहे. चालवणारीचं नाव लिहा. बायांनी ओट्याखालून हात वर केले, मोजणारे थकले, आणि नानाजींनी स्वतःच्या हातानं, दौऱ्यावर निघालेल्या पुढाऱ्याच्या घाईत, नाव लिहिलं.

आता कोणी काय भरलं ते पाहू. नानाजींची देणगी गेली आणि हिश्श्याची देखरेख गेली. अध्यक्षपद अजून आहे, पोस्टरही पावसाळ्यापर्यंत टिकलं. रोशनीच्या कोपरावर डाग राहिला. तो ती नाटकाला जाईल त्या प्रत्येक नव्या गावात मुद्दाम दाखवते. सत्यशीलाला पुढच्या मंडईसाठी तीन गावांनी नाटक मागितलं. तिन्ही ठिकाणी उद्घाटक आधी नाटक वाचायला मागतात, हा तिचा तोटा धरावा की फायदा, ठरलं नाही. झाडूकाकांचे एकवीस रुपये देवकाबाईनं जपून ठेवले आहेत.

आणि दंड. देवकाबाई सकाळी दहाच्या उन्हात, साऱ्या गावादेखत पाळीवरून उतरली, डाव्या टाचेवर उडी घेतली आणि तीन फेकात पाच किलो रोहू काढले. पंचांनी ते खाल्ले. नानाजींनी दोनदा वाढून घेतले. म्हणजे दंड ठोठावला पंचांनी, गिळला पंचांनीच, आणि भरला तो तळ्यानं.