थरथर माझी होती

मित्रांनो, मी एक जुनी, करड्या रंगाची, चार दारांची गाडी आहे. नवी होते तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारले होते, "इंजिन चालू आहे की बंद?" एवढी एकच स्तुती मी एकोणीस वर्षे पुरवून वापरली.

माझे मालक निवृत्त चित्रकला शिक्षक. दर रविवारी ते माझ्या रेडिएटरमध्ये पाणी भरत. थेंबही बाहेर सांडत नसे. साक्षीदार मी एकटीच, आणि माझी साक्ष कोण काढणार?

मग मला दुखणे लागले. धावताना मी ठणठणीत; सिग्नलला उभी राहिले की थरथरायची. स्टिअरिंग थरथरे, त्यावरचे मालकांचे हातही. सीटही हलत असे, पण जुन्या गाडीत ते चालायचेच, असे शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने गृहीत धरले. तिला दिसले ते हात.

"बाबा, हात बघा तुमचे!"

"अगं, गाडी थरथरतेय."

"हो ना! आणि चष्मा लागला तेव्हा पेपरची छपाई बिघडली होती!"

छपाईचे ते खरेच तसे बोलले होते. आठवडाभराने त्यांनी किल्ली तिच्या हाती दिली.

वर्षभर ती मला रविवारी सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणी. कुठे थांबावेच लागत नसे. एकदा मात्र बाबांना दवाखान्यात नेताना आम्ही मोठ्या सिग्नलला अडकलो. स्टिअरिंगवरच्या तिच्या बांगड्या किणकिणू लागल्या.

बाबांनी खिडकीबाहेर पाहत विचारले, "तुझं वय काय गं आता?"

दवाखाना राहिला. ती मला थेट मेकॅनिककडे घेऊन गेली. त्याने एकेक प्लग तपासला, चारही चांगले. मग कान देऊन ऐकले आणि इंजिनाजवळच्या एका रबरी नळीवर पाण्याचा फवारा मारला. माझी थरथर क्षणभर थांबली.

"सापडलं! नळीला तडा गेलाय. नको तिथून हवा ओढतेय."

बोटभर नळी, पाच मिनिटांचे काम.

मुलीने किल्ली पुढे केली. "बाबा, घ्या ना. चुकलंच माझं."

"नको गं. आता मागून हॉर्न वाजला, तरी मी आधी हातांकडेच बघतो."

मित्रांनो, जुनी गाडी थरथरू लागली तर आधी तिचे बॉनेट उघडा. आणि गाडीच थरथरतेय असे कुणी सांगत असेल, तर हसण्याआधी एकदा स्टिअरिंग धरून बघा.

हल्ली सिग्नलला मी अगदी शांत उभी असते. मालक शेजारच्या सीटवर बसतात, दोन्ही हात मांडीखाली दाबून.